पाहुण्याची लेखी संमती

प्राचार्यांनी ग्रंथपालबाईंना बोलावून घेतलं आणि सांगितलं, की आजपासून तुम्ही नुसत्या ग्रंथपाल राहिला नाहीत. बाई खुर्चीत बसता बसता मध्येच थांबल्या. तेव्हा प्राचार्यांनी घाईघाईने पुढचं सांगून टाकलं. जगभर ग्रंथपालांचं काम बदलतंय. पुस्तकं देणं-घेणं आता यंत्रंसुद्धा करतात. आपल्या प्राध्यापकांनी केलेलं संशोधन गोळा करायचं, नीट लावायचं आणि जगात कोणालाही फुकट वाचता येईल असं मांडायचं, हे यापुढे तुमचं काम. या पदासाठी त्यांनी एक नावही शोधून ठेवलं होतं, ‘विद्वत्संप्रेषण समन्वयक’. पहिल्या खेपेला त्यांनी ते नीट म्हटलं. दुसऱ्या खेपेला जीभ अडखळली, तेव्हापासून ते ‘ते आपलं समन्वयक’ असंच म्हणू लागले.

बाईंना खरं तर बरं वाटलं. गेली काही वर्षं ग्रंथालयात मुलं यायची ती मोबाईल चार्ज करायला. कपाटं पुसावीत, फाटलेली पानं चिकटवावीत आणि ‘शांतता राखा’ या पाटीखाली अगदीच शांत बसून राहावं, याचा त्यांना कंटाळा आला होता. त्या जोमाने कामाला लागल्या. कुठल्या मासिकाचा प्रकाशक काय करू देतो आणि काय नाही, संशोधनाच्या नावाखाली दुकान मांडून बसलेली बनावट मासिकं कशी ओळखायची, हे सगळं त्या शिकल्या. कॉलेजने शोधभांडार नावाची संगणकावरची व्यवस्था घेतली, तेव्हा तिचे नियमही बाईंनीच लिहिले. त्यातला एक नियम त्यांनी भर बैठकीत भांडून मंजूर करून घेतला. भांडारात एकदा गेलेला निबंध पुन्हा काढायचा नाही. तशी मुभा ठेवली तर निम्मे प्राध्यापक स्वतःचे जुने निबंध काढायला येतील आणि उरलेले दुसऱ्यांचे, असं त्या म्हणाल्या. बैठकीत कोणीच हसलं नाही, म्हणजे त्यांचं बरोबर असावं.

भांडार तयार झालं, पण त्यात घालायला काही मिळेना. रसायनशास्त्राचे सर म्हणाले की त्यांच्या निबंधाला प्रकाशकाने असं कुलूप घातलंय, की तो आता त्यांना स्वतःलाही उघडता येत नाही. इतिहासाच्या सरांना आपलं संशोधन चोरीला जाईल अशी धास्ती होती. त्यांच्या प्रबंधाला कपाटातल्या वाळवीखेरीज कोणी हात लावला नव्हता, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. गणिताच्या मॅडमनी मात्र उदार मनाने निबंध दिला. तो त्यांनी मोबाईलवर फोटो काढून पाठवला होता आणि प्रत्येक पानावर त्यांच्या अंगठ्याची सावली पडली होती.

भांडार पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवरून सल्ला दिला, की तोवर सराव करून घ्या. सरावासाठी भांडाराची एक हुबेहूब नक्कल होती. खऱ्या भांडाराच्या माथ्यावर निळी पट्टी आणि सरावाच्या भांडाराच्या माथ्यावर जरा फिकट निळी. काहीही घाला, काहीही लिहा, हात मोकळा होईल, असं तो म्हणाला.

त्या दिवशी बाईंचा हात जरा जास्तच मोकळा झाला, आणि त्याचं कारण घरी होतं.

घरी काका होते. काका म्हणजे बाईंचे चुलतसासरे, यजमानांच्या वडिलांचे सगळ्यांत धाकटे भाऊ. एकटेच असत. नवी कवळी बसवायची म्हणून ते चार दिवसांसाठी आले होते. कवळी बसली, सैल झाली, पुन्हा बसली, तिची सवय झाली, आणि तोवर त्यांना बाईंच्या घराचीही सवय झाली. माणूस तसा निरुपद्रवी होता. खाण्यापिण्याचे नखरे नाहीत, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण काकांनी सारी हयात रेडिओवर बातम्या वाचण्यात घालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर त्यांची नोकरी सुटली तरी आवाज सुटला नव्हता. दिवस उजाडायच्या आत ते बैठकीच्या खोलीत ताठ बसत, घसा साफ करत आणि वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचत. मुख्य बातमी आणि पाण्याच्या टाकीची निविदा यांत ते भेदभाव करत नसत. वर्तमानपत्र संपलं की औषधाच्या बाटलीवरचा मजकूर. तोही संपला की चहाच्या पुड्यावरचा.

बाई सून होत्या, ‘काका, पुरे’ असं कसं म्हणणार? यजमान पुतणे होते, तेही म्हणत नसत. ते पाणीपुरवठा खात्यात अभियंता होते आणि कुठे गळती सुरू झाली की तिथून लांब उभं राहायचं, ही त्यांची घरातली पद्धत होती. त्या सकाळी काकांनी फिनेलच्या डब्यावरच्या सूचना दोनदा वाचल्या. दुसऱ्यांदा का, तर पहिल्या वेळी ‘संपर्क झाल्यास’ या शब्दांवर हवा तसा जोर आला नव्हता.

बाई तशाच कॉलेजात आल्या, सरावाचं भांडार उघडलं आणि दुपारपर्यंत त्यांनी एक निबंध लिहून काढला. नाव दिलं, ‘अल्पमुदतीच्या पाहुण्याचा दीर्घ मुक्काम : एका लहान घराचा अभ्यास’. लेखक म्हणून स्वतःचं माहेरचं नाव घातलं. ग्रंथपालाचा पिंड असा, की समोर रिकामा रकाना दिसला की तो भरल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी सारांश लिहिला, तो इंग्रजीतही केला, विषय-शब्द निवडले, आणि शेवटी बटण दाबून मन मोकळं झाल्याच्या समाधानात डबा खाल्ला.

डबा धुऊन येऊन पाहतात तो पट्टी निळी होती. फिकट निळी नव्हती.

म्हणजे बाईंचा निबंध खऱ्या भांडारात गेला होता. त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, अभिनंदन, तुमच्या भांडाराचा हा पहिला निबंध, त्याला कायमचा क्रमांकसुद्धा मिळालाय. काढता येणार नाही का, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला की नियम तुमच्याच कॉलेजचा आहे, कंपनीचा नाही. अगदीच झालं तर निबंध झाकता येईल, पण त्या जागी एक पान कायम राहील. त्यावर निबंधाचं नाव, लेखिकेचं नाव आणि तो का मागे घेतला त्याचं कारण. “आमच्याकडे त्याला समाधी म्हणतात,” तो म्हणाला.

समाधीपेक्षा गर्दीत लपलेलं बरं, असा विचार बाईंनी केला. आपण भराभर दुसरे निबंध वर चढवू, त्यांच्याखाली हा दबून जाईल. म्हणून त्या पुन्हा प्राध्यापकांच्या मागे लागल्या. गणिताच्या मॅडमचा निबंध त्यांनी अंगठ्यांसकट चढवला. पण झालं भलतंच. बाईंनी विषय-शब्द इतके नेमके निवडले होते, सारांश इतका नेटका लिहिला होता, की शोधयंत्रांना तो निबंध फार आवडला. घरी पाहुणा असलेल्या कोणीही काहीही शोधलं, की बाईंचा निबंध सर्वांत वर येऊ लागला. एकाने वाचला, त्याने बहिणीला पाठवला, बहिणीने तिच्या ऑफिसातल्या गटात टाकला. गणिताच्या मॅडमचा निबंध तेवढ्या काळात एकदाच उघडला गेला. तो बाईंनीच उघडला होता, अंगठा किती दिसतो ते बघायला.

महिनाअखेरीस भांडाराचे आकडे प्राचार्यांच्या टेबलावर गेले. शेजारच्या कॉलेजचं भांडार जुनं होतं, मोठं होतं, पण वाचक आपल्याकडे जास्त होते. प्राचार्य हरखून गेले. प्राध्यापकांच्या बैठकीत त्यांनी निबंधाचं नाव वाचून दाखवलं आणि म्हणाले, असं जमिनीवरचं संशोधन हवं. लेखिका बहुधा समाजशास्त्राची जुनी विद्यार्थिनी असावी, असा तर्कही त्यांनी केला. समाजशास्त्राच्या विभागप्रमुखांनी मान किंचित खाली घातली, जशी मार्गदर्शकाने घालावी. बाई कोपऱ्यात बसून चहाच्या कपात बघत राहिल्या.

त्याच आठवड्यात यजमान घरी आले ते मोबाईल पुढे करूनच. खात्यातल्या कोणीतरी त्यांना पाठवलं होतं. “अगं, हे वाच. कोणी लिहिलंय देव जाणे, पण आपल्याच घरात बसून लिहिल्यासारखं आहे. ते औषधाच्या बाटलीचं तर बघ.” बाईंनी वाचल्यासारखं केलं. यजमान मनापासून हसत पुढे वाचत गेले आणि एका परिच्छेदापाशी त्यांचं हसू जरा मावळलं. तिथे लिहिलं होतं, ‘घरातील पुरुष सदस्य सर्व प्रसंगी तटस्थ आढळला. अडचणीच्या वेळी तो वर्तमानपत्राची पुरवणी घेऊन न्हाणीघरात जातो.’ त्यांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी पान पार वर सरकवलं आणि लेखिकेचं नाव वाचलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तरी बायकोचं माहेरचं नाव त्यांच्या लक्षात होतं. याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

“तटस्थ?” ते म्हणाले.

बाईंनी सगळं सांगितलं. काकांच्या परिच्छेदांबद्दल यजमानांची काही तक्रार नव्हती, ते त्यांना पटले होते. त्यांना लागलं ते स्वतःबद्दलचं. आपण तटस्थ नाही, आपण समतोल साधतो, असं त्यांनी बराच वेळ समजावलं. बोलता बोलता काका फिरून आल्याचा आवाज आला, तसे ते पुरवणी घेऊन उठले, दोन पावलं गेले, थबकले आणि पुरवणी टेबलावर परत ठेवून जागच्या जागी उभे राहिले.

इथवर गुपित घरातल्या घरात होतं. मग दुसऱ्या एका देशातल्या विद्यापीठातून कॉलेजला ई-मेल आली. तिथल्या एक संशोधिका नातेवाइकांकडे राहणाऱ्या वृद्धांवर अभ्यास करत होत्या. त्यांना हा निबंध फार महत्त्वाचा वाटला होता आणि आपल्या ग्रंथात त्याचा समावेश करायचा होता. त्याआधी दोनच गोष्टी हव्या होत्या. कॉलेजच्या नीतिसमितीची मान्यता, आणि ज्याचा अभ्यास केला त्या व्यक्तीची लेखी संमती.

प्राचार्यांनी ती ई-मेल आधी स्वतः वाचली, मग छापून घेऊन वाचली. कॉलेजच्या इतिहासात बाहेरच्या जगाने काहीतरी मागितल्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी बाईंना बोलावलं. लेखिकेचा पत्ता काढा, तिचा सत्कार करू, समितीही बसवू, असं ते उत्साहाने बोलत राहिले. बाईंनी उठून दार लावून घेतलं.

“सर, ती लेखिका मीच.”

प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, घोटभर पाणी घेतलं आणि ग्लास खाली ठेवला. “आणि ते पाहुणे?”

“घरी आहेत.”

“अजून?”

“अजून.”

आता ते रागावतील, असं बाईंना वाटलं. पण प्राचार्यांनी आवाज खाली आणला. त्यांच्या सासूबाई त्यांच्याकडेच असत. सासूबाईंच्या एका मैत्रिणीने त्यांना तो निबंध पाठवला होता. तेव्हापासून त्या दर जेवणानंतर विचारत, की मी जाऊ का. प्राचार्य नाही म्हणत, पण आपलं ‘नाही’ नीट ऐकू जातंय की नाही, याची त्यांना खात्री वाटेनाशी झाली होती. हे सांगताना ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. बाईंना भयंकर ओशाळल्यासारखं झालं. आपण एका काकांवर लिहिलं ते कुठल्या कुठल्या घरांत जाऊन पडलंय, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं.

निबंध झाकायचा तर समाधीवर कारण लिहावं लागणार, नीतिनियमांचा भंग, आणि खाली कॉलेजचं नाव. ते प्राचार्यांना नको होतं. तेव्हा नीतिसमिती बसली. तिचे अध्यक्ष समाजशास्त्राचे विभागप्रमुख होते. लेखिका आपल्या विभागाची नाही हे कळताच, या अभ्यासाची पद्धत मला पहिल्यापासूनच कच्ची वाटत होती, असं ते म्हणाले. समितीने ठराव केला, की पाहुण्याची लेखी संमती आणावी.

ठराव करणं सोपं होतं. घरी येऊन बाईंनी काकांकडे पाहिलं. ते चहाच्या पुड्यावरची वापराची मुदत वाचत होते. आधी थोडं वातावरण तयार करावं म्हणून त्या काकांशी फार प्रेमाने वागू लागल्या. न मागता दुसरा चहा. उशाला नवी उशी. सकाळच्या बातम्यांच्या वेळी दार लावून घेण्याऐवजी त्या येऊन समोर बसू लागल्या. अशा तीन-चार दिवसांनंतर काकांनी यजमानांना बाजूला घेतलं. ते म्हणाले, मी या रविवारी निघायचं ठरवलं होतं, बॅगही भरली होती. पण सूनबाईंची तब्येत मला ठीक दिसत नाही. कशा गप्प गप्प बसतात, सारखं मला काय हवं-नको विचारतात. अशा वेळी मी तुम्हाला सोडून कसा जाऊ. आणि त्यांनी बॅग रिकामी केली.

यजमानांनी हे स्वयंपाकघरात येऊन सांगितलं तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला. आता मात्र लपवाछपवी पुरे, आज सांगायचंच, असं ठरलं. कोणी सांगायचं यावर थोडी कुजबुज झाली. “तुम्ही तटस्थ राहा,” बाई म्हणाल्या, आणि निबंधाची छापील पानं घेऊन बाहेर गेल्या.

संध्याकाळचा चहा झाला होता. बाईंनी पानं काकांपुढे ठेवली आणि म्हणाल्या, की मी हे लिहिलंय, तुम्ही वाचावं अशी इच्छा आहे. मनातल्या मनात वाचा, असं सांगायचं राहूनच गेलं.

काकांनी चष्मा लावला, पाठ ताठ केली, घसा साफ केला. आणि बाईंनी रागाच्या भरात लिहिलेलं एकेक वाक्य त्या भरदार, संथ, कधीही न चुकणाऱ्या आवाजात खोलीभर पसरू लागलं.

“‘प्रस्तुत अभ्यासात दातांच्या उपचारासाठी आलेल्या एका ज्येष्ठ पाहुण्याच्या वास्तव्याचे निरीक्षण केले आहे. उपचार संपल्यावर पाहुणा परत जातो, हे गृहीतक या अभ्यासात टिकले नाही.’”

वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा टीव्ही बारीक झाला. यजमान दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, ते तसेच राहिले. काका कुठेही अडखळले नाहीत. कवळीचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी ‘ळ’ नीट उमटेल याची काळजी घेतली. फिनेलच्या डब्याचा परिच्छेद त्यांनी जरा खेळकर सुरात वाचला, जसा बातम्यांच्या शेवटी हवामानाआधी एखादा गमतीचा किस्सा वाचतात. बाईंनी लिहिताना ज्या ज्या ठिकाणी खुसखुशीत जमलं म्हणून स्वतःची पाठ थोपटली होती, त्या त्या ठिकाणी आता त्यांना मान वर करवत नव्हती. शेवटचं वाक्य होतं, ‘पाहुण्याला जाण्याविषयी कोणीही विचारलेले नाही. ते विचारण्याची जबाबदारी कोणाची, यावर अधिक संशोधनाची गरज आहे.’ ते वाचून काकांनी पानं टेबलावर आपटून एकसारखी केली आणि चष्मा काढला.

मग म्हणाले, “मजकूर चांगला आहे. वाचायला कुठे खडे लागले नाहीत. पण सूनबाई, जायचं विचारलं नाही, हे तुम्ही लिहिलंत. पाहुणा का राहिला, हे कोणी विचारलं?”

“नाही, काका.”

“मग अभ्यास अर्धाच झाला.”

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही, बातमीतली चूक दाखवावी तसं म्हटलं. मग कोणी न विचारता त्यांनीच सांगितलं. काकू गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही. एकदा दूधवाल्याला काहीतरी सांगायला ते दारात गेले आणि घशातून आवाजच आला नाही. आवाज बिघडला म्हणून डॉक्टरकडे जावं असं वाटलं, पण मग लक्षात आलं, की गेल्या कित्येक दिवसांत आपण तोंडच उघडलेलं नाही. तेव्हापासून ते सकाळी पेपर मोठ्याने वाचू लागले. “तिथे वाचलं की कपाटाचा आरसा तेवढा ऐकतो. इथे निदान कोणीतरी वैतागून दार तरी लावतं.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, त्यामुळे त्यांना ठसका लागला. त्यांनी माफी मागितली. काका म्हणाले की माफी वगैरे राहू द्या, सही कुठे करायची ते दाखवा. पण एक अट आहे. माझंही उत्तर या निबंधाशेजारी लागलं पाहिजे. मी लिहिणार नाही, मी बोलणार.

शोधभांडारात आवाज ठेवायची सोय होती. बाईंनी ती आजवर उघडूनही पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडण्याआधी त्या काकांना घेऊन गेल्या. वाचनकक्षात काका ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसले आणि समोर कागद न ठेवता बोलले. पाहुणा का राहतो, जायचं ठरवून का जात नाही, दार लावल्याचा आवाज त्याला कसा ऐकू येतो आणि तो त्याचं काय करतो. तक्रार कुठेही नव्हती. आवाज तेवढा एकदोनदा हलला, पण या वेळी काकांनी ते वाक्य पुन्हा घेतलं नाही. निबंधाची दुसरी आवृत्ती निघाली, तिला नवा क्रमांक मिळाला आणि लेखकांमध्ये दुसरं नाव जोडलं गेलं. काकांनी आपलं नाव आधी हवं म्हणून थोडा हट्ट धरून पाहिला. बाईंनी वर्णानुक्रमाचा नियम दाखवला, तेव्हा ते गप्प बसले.

उत्तर ऐकायला लोक आले ते निबंधापेक्षा जास्त. प्राचार्यांनी ते घरी सासूबाईंना ऐकवलं. त्यांनी जाण्याचं विचारणं बंद केलं, उलट जेवणात मीठ कमी आहे असं पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं. प्राचार्यांनी हे बाईंना मोठ्या आनंदाने कळवलं. मग एके दिवशी इतिहासाचे सर ग्रंथालयात आले, इकडचं तिकडचं बोलले आणि म्हणाले, की प्रबंध भांडारात द्यायची माझी तयारी आहे, फक्त त्याचं पहिलं प्रकरण त्या गृहस्थांनी वाचावं. दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राचे सर आले. प्रकाशकाचं कुलूप निबंधाच्या छापील रूपाला होतं, सरांच्या मूळ मसुद्याला नव्हतं, हे बाईंनी त्यांना कधीच सांगितलं होतं, ते आता त्यांना पटलं. काका रोज डबा घेऊन बाईंबरोबर निघू लागले. समीकरणंसुद्धा ते अशी वाचत, की ती कुठेतरी नुकतीच घडली असावीत असं वाटे. घरी पहाट शांत झाली. पहिल्या दिवशी यजमान दचकून उठले आणि काका बरे आहेत ना, ते बघून आले.

सगळं असं मार्गी लागलं असताना परदेशातल्या त्या संशोधिकेची दुसरी ई-मेल आली. संमती मिळाली, उत्तर ऐकलं, फार आवडलं, असं त्यांनी लिहिलं होतं. ग्रंथासाठी एकच अडचण होती. अभ्यास एकाच पाहुण्याचा आहे. नमुना फार लहान पडतो. आणखी काही पाहुण्यांचं निरीक्षण करता आलं तर निष्कर्षांना वजन येईल.

बाईंनी रात्रीच्या जेवणाच्या वेळी ती वाचून दाखवली आणि म्हणाल्या, की जाऊ दे, आपण आभार मानून नाही म्हणून कळवू. काकांनी घास खाली ठेवला.

“नाही कसं म्हणता? माझं नाव आहे त्यावर,” ते म्हणाले. “मी दुपारीच वाचली ती, तुमच्या टेबलावर उघडीच होती. रेडिओतल्या माझ्या दोघा सोबत्यांना फोन केलाय. दोघंही एकटेच असतात. परवा येतायत.”

यजमानांनी बाईंकडे पाहिलं. मग इकडे तिकडे पुरवणी शोधली, ती सापडली नाही, आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच ते स्पष्ट बोलले. म्हणाले, काका, जागा कुठे आहे.

“तसे सुटसुटीत आहेत,” काका म्हणाले. “एक गायक होता, पहाटे रियाज करतो. दुसरा क्रिकेटचं धावतं वर्णन करायचा, तो झोपेतही करतो. म्हणजे नमुन्यात विविधताही येईल.”

यजमानांनी पुन्हा बाईंकडे पाहिलं. संशोधनाच्या दृष्टीने काकांच्या म्हणण्यात कुठेच खोट काढता येत नव्हती.

“या वेळी संमतीपत्रांवर सह्या आधी घ्यायच्या,” त्या शेवटी म्हणाल्या आणि माळ्यावरच्या गाद्या काढायला स्टूल शोधू लागल्या.